तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी : जुन्या घरात दोन पावसाळे

सांगलीतील आमचे घर १९८८ साली बांधलेले आहे. भिंतीत पाइप गाडून केलेली वायरिंग आणि मीटरशेजारी चिनी मातीचे दोन फ्यूज, ज्यांना आपण सर्रास किटकॅट म्हणतो, एवढाच विजेच्या बाबतीतला या घराचा बंदोबस्त अनेक वर्षे होता. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, तेव्हा आमच्या तळमजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी तीन दिवस उभे होते. पाणी ओसरल्यावर आम्ही गाळ काढला, भिंती वाळू दिल्या, रंग दिला, फ्यूजच्या जागी एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह वाहू लागताच आपोआप पडणारे खटके, बसवून घेतले आणि वायरिंगचे काम मार्गी लागले असे समजून मोकळे झालो.

मोरीतल्या वॉशिंग मशीनला ओल्या हाताने स्पर्श केला की झिणझिण्या येतात, असे आई त्यानंतरही अधूनमधून सांगत असे. आम्ही तिच्या पायाखाली रबरी पायपुसणे घातले. पुढे तिने तक्रार करणे सोडले, म्हणून आम्हीही विषय सोडला. ही चूक होती आणि ती नशिबाने निभावली, हे मी आज स्पष्टपणे लिहितो. २०२३च्या जून महिन्यात शेजारच्या गल्लीत पाण्याची मोटर सुरू करताना एका गृहस्थांना जबर धक्का बसला आणि ते थोडक्यात वाचले. त्याच आठवड्यात मी आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा खटका, विकत आणला. त्याला आता दोन पावसाळे होऊन गेले आहेत, आणि एखाद्या उपकरणाविषयी मत देण्यास एवढा काळ पुरेसा आहे असे मला वाटते.

घेतलेले उपकरण दोन पोलचे, ४० अँपिअर क्षमतेचे, ३० मिलिअँपिअर संवेदनशीलतेचे आणि ‘ए’ प्रकारचे आहे. किंमत २,६०० रुपये पडली. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते आयएस १२६४० या भारतीय मानकानुसार बनवलेल्या कोणत्याही चांगल्या आरसीसीबीला लागू पडेल. दुकानात मात्र याला अजूनही ‘ईएलसीबी’ म्हणतात आणि त्या नावाने मागितले तरी हीच वस्तू पुढे येते.

मुळात एमसीबी असताना हे आणखी एक उपकरण कशासाठी, हा प्रश्न घरातही निघाला होता. त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. आपल्या घरातील पुरवठा २३० व्होल्टचा असतो. ओल्या हातापायांनिशी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरला, तर त्याच्या अंगातून जमिनीत जाणारा प्रवाह २३० मिलिअँपिअरच्या घरात जातो. एवढा प्रवाह हृदयाची लय बिघडवून जीव घेण्यास पुरेसा आहे. त्याच वाहिनीवरचा १६ अँपिअरचा एमसीबी १६,००० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह निमूटपणे वाहू देण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे माणूस तारेला चिकटलेला आहे की एखादा मोठा दिवा चालू आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला वाचवणे हे त्याचे काम नाही.

आरसीसीबी वेगळ्या गोष्टीवर लक्ष ठेवतो. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा त्याच्या आतल्या एका लोहचुंबकीय कड्यातून जातात. जेवढा प्रवाह फेजमधून आत गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला, तर दोघांचा परिणाम एकमेकांना रद्द करतो आणि कडे शांत राहते. त्यातला थोडा जरी प्रवाह कोणाच्या शरीरातून, ओल्या भिंतीतून किंवा गिझरच्या टाकीतून जमिनीकडे निघून गेला, की येण्याजाण्याच्या हिशेबात तूट पडते, कड्यावरच्या वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो आणि खटका पडतो. मानकाप्रमाणे ३० मिलिअँपिअरचे उपकरण १५ मिलिअँपिअरपर्यंतच्या गळतीला पडता कामा नये, ३० मिलिअँपिअरला ०.३ सेकंदाच्या आत पडलेच पाहिजे, आणि गळती १५० मिलिअँपिअर किंवा त्याहून अधिक असेल तर ०.०४ सेकंदाच्या आत. वर सांगितलेला २३० मिलिअँपिअरचा धक्का या शेवटच्या वर्गात मोडतो. धक्का बसतोच, परंतु तो जीवघेणा ठरण्याआधी पुरवठा तुटतो.

बसवण्याचे काम आमच्या भागातील एका परवानाधारक तारतंत्र्यांनी केले. हे काका आयटीआयमधून वायरमनचा अभ्यासक्रम करून तीस वर्षे हेच काम करत आहेत. आरसीसीबीच्या खोक्याला हात लावण्याआधी त्यांनी मोरीतला वॉशिंग मशीनचा सॉकेट उघडून मला जवळ बोलावले. सॉकेटच्या वरच्या मोठ्या छिद्रामागे, म्हणजे जिथे हिरवी अर्थिंगची तार यायला हवी तिथे, बोटभर लांबीचा काळ्या तारेचा तुकडा होता आणि त्याचे दुसरे टोक शेजारच्याच न्यूट्रलच्या स्क्रूखाली अडकवलेले होते. “हे कुणी केलं ते आता विचारू नका,” ते म्हणाले, “पण कधी मागे न्यूट्रल तुटला असता, तर मशीनच्या अख्ख्या पत्र्यावर २३० व्होल्ट आले असते.” तो स्क्रू सैल झालेला होता आणि तारेचा तुकडा हात लावताच निघून आला. त्यामुळे आईच्या झिणझिण्यांचाही उलगडा झाला. मशीनमधील विद्युत-गोंगाट गाळणाऱ्या कपॅसिटरमधून अगदी थोडा प्रवाह नेहमीच पत्र्याकडे येत असतो आणि अर्थिंग असल्यास तो मुकाट्याने जमिनीत जातो. आमच्याकडे त्याला जायला वाट नव्हती, म्हणून तो आईच्या बोटांतून जात होता.

यावरून आरसीसीबी घेणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी एक गोष्ट सांगतो. अर्थिंग नसले तरी हे उपकरण काम करते, परंतु तेव्हा त्याला गळती समजते ती कोणीतरी त्या पत्र्याला हात लावल्यावर, म्हणजे माणसाच्या शरीराचा उपयोग करून. अर्थिंग चांगले असेल तर बिघाड होताक्षणीच, कोणी जवळ नसतानाही, खटका पडतो. म्हणून काकांनी आधी परसात नवे अर्थिंग करून घेतले. अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप खड्ड्यात उभा केला, भोवती मीठ आणि कोळशाचे थर दिले, वर पाणी ओतण्यासाठी नरसाळे ठेवले आणि तिथून हिरवी तार थेट डीबीपर्यंत, म्हणजे घरातले सर्व खटके असलेल्या पेटीपर्यंत, आणली. या कामाचा खर्च आरसीसीबीच्या किमतीपेक्षा बराच अधिक आला. उपकरण विकत घेताना तो जमेस धरावा, नाहीतर अर्ध्या संरक्षणावर समाधान मानावे लागते.

सर्व जोडणी झाल्यावर काकांनी खटका वर केला आणि तो लगेच खाली पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. इथे बहुतेक घरांत पहिली निराशा होते आणि उपकरण खराब निघाले असा समज होतो. आमच्या बाबतीत कारण असे होते की माजघरातील दिवे इन्व्हर्टरवर होते आणि पूर्वी कोणीतरी तार वाचवण्यासाठी त्या दिव्यांचा न्यूट्रल बाकीच्या घराच्या न्यूट्रलमध्ये मिसळून दिला होता. एका वाटेने गेलेला प्रवाह दुसऱ्याच वाटेने परत येत होता, त्यामुळे आरसीसीबीच्या हिशेबात ती तूटच होती. न्यूट्रल वेगळे करण्यात पूर्ण एक दिवस गेला. जुन्या घरात हे उपकरण बसवताना मजुरीचा अंदाज म्हणूनच थोडा सैल ठेवावा.

शेवटी त्यांनी झिरोच्या बल्बने परीक्षा घेतली. शून्य वॅटचा म्हणून विकला जाणारा हा तारेचा जुना बल्ब प्रत्यक्षात दहा ते पंधरा वॅट घेतो, म्हणजे ४० मिलिअँपिअरच्या वर. होल्डरची एक तार फेजला आणि दुसरी अर्थिंगला लावताच, बल्ब लुकलुकण्याआधीच घर अंधारले. मी हे मुद्दाम सविस्तर लिहिले, तरी वाचकांनी हा प्रयोग स्वतः करू नये. आपल्यासाठी दर्शनी भागावर ‘टी’ अक्षर असलेले बटण पुरेसे आहे.

आता गेल्या दोन पावसाळ्यांचा हिशेब. या काळात खटका पडण्याचे एकूण सात प्रसंग आले. त्यांपैकी तीन वेळा कारण सापडले नाही, पण त्या तिन्ही वेळा आकाशात वीज कडाडत होती आणि खटका वर केल्यावर तो तसाच टिकला. उरलेल्या चारही वेळा घरात खरोखर दोष होता.

त्यांतला पावसाळ्यातील दोष शोधणे फारच जिकिरीचे गेले. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात खटका दिवसातून दोनतीनदा पडू लागला. काका तेव्हा गावी गेलेले असल्याने मी दुसऱ्या एका वायरमनला बोलावले. त्याने दोन मिनिटे पाहून सांगितले, “पावसाळ्यात ह्यो सारखा पडणारच, दादा. थेट जोडून देतो, त्रास मिटंल.” बंद पडलेली नव्हे तर चोख काम करणारी वस्तू बाजूला काढण्याचा हा सल्ला किती सहज दिला गेला, याचे मला फार वाईट वाटले, कारण थकून जाऊन तो सल्ला मानणारी घरे थोडी नसतील. भिंतीवर आरसीसीबी दिसतो, घरातले निर्धास्त असतात आणि तारा मात्र त्याला वळसा घालून गेलेल्या असतात. असे घर आरसीसीबी नसलेल्या घराहून अधिक धोक्याचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

काका परत आल्यावर त्यांनी सर्व एमसीबी खाली करून एकेक वर करत पाहिले. दोष असा सापडत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी कारण समजावून सांगितले. आमचे एमसीबी एका पोलचे आहेत, ते फक्त फेज तोडतात आणि न्यूट्रल जोडलेलाच राहतो. दोष न्यूट्रलकडून जमिनीत असेल, तर दिवा बंद असला तरी गळती चालूच राहते आणि घरात दुसरीकडे भार वाढला की खटका पडतो. मग त्यांनी न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक तार सोडवून मेगरने, म्हणजे तारेच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, तपासली. फाटकाजवळच्या दिव्याच्या वाहिनीचा इन्शुलेशन रोध एक मेगाओहमच्याही खूप खाली आला होता. कंपाउंडच्या भिंतीतला जोड उघडला, तेव्हा काळ्या चिकटपट्टीखालचे तांबे हिरवे पडलेले होते आणि पाइपमध्ये पाण्यासोबत पुराच्या गाळाची बारीक वाळूही होती. पूर येऊन चार वर्षे झाली होती. भिंती बाहेरून वाळल्या, रंगल्या, तरी पाइपच्या पोटातले पाणी तिथेच होते. पूरग्रस्त घरातील वायरिंगची मेगरने तपासणी केल्याशिवाय पुरवठा सुरू करू नये, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते.

दोष आढळलेल्या प्रसंगांपैकी दोन किरकोळ होते. एकदा दिवाळीतल्या आकाशकंदिलाची वायर गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर घासून सोलली होती आणि एकदा पाण्याच्या मोटरच्या जोडात मुंग्यांनी घर केले होते.

या उपकरणाची किंमत मला खऱ्या अर्थाने समजली ती जानेवारीतल्या एका पहाटे. आई अंघोळीला गेली होती, गिझर चालू होता. पाचसहा मिनिटांनी डीबीतून टक् असा आवाज आला आणि घर अंधारले. खटका वर केला, तो टिकला. पुन्हा पाच मिनिटांनी पडला. थंड असताना गळती नाही आणि तापल्यावर आहे, एवढ्यावरून काकांनी फोनवरच सांगितले, “गिझरला हात लावू नका, वहिनींनाही सांगा, मी येतो.” त्यांनी काढलेला एलिमेंट मी हातात घेऊन पाहिला. बोअरच्या जड पाण्याने त्यावर बोटाच्या पेराएवढा पांढरा, खडबडीत थर चढला होता आणि एका वळणावर त्या थराखाली केसाएवढी चीर होती, तिच्या कडेने तांबूस डाग. तापल्यावर धातू फुगत असे, चीर उघडत असे आणि आतल्या तारेचा प्रवाह पाण्यात उतरत असे. त्या पाण्याखाली आई उभी होती. मीटरशेजारी केवळ एमसीबी असता, तर तो त्या पहाटे जागचा हललाही नसता.

आता उणिवांविषयी. पहिली आणि रोजच्या व्यवहारातली अडचण अशी की सबंध घराला एकच आरसीसीबी असल्यामुळे दोष कुठेही असो, अंधार सगळीकडे होतो. आम्ही दोन दिवस परगावी असताना विजेच्या कडकडाटात खटका पडला आणि फ्रिजमधले सर्व फुकट गेले. आज नव्याने काम करायचे असते, तर मी मोरी, गिझर आणि स्वयंपाकघर यांना एक, बाकीच्या घराला दुसरा, असे दोन आरसीसीबी घेतले असते. ज्यांना परवडेल त्यांनी प्रत्येक वाहिनीला आरसीबीओ घ्यावा. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी या दोहोंचे काम एकत्र होते आणि दोष कोणत्या वाहिनीत आहे हे पडलेल्या खटक्यावरूनच कळते.

दुसरी गोष्ट या उपकरणाच्या मर्यादेची आहे. कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल पकडला आणि त्याच्या पायाखाली कोरडी लाकडी फळी असेल, तर येणारा-जाणारा प्रवाह सारखाच राहतो आणि आरसीसीबीला तो माणूस घरातल्या एखाद्या बल्बपेक्षा वेगळा दिसत नाही. जादा भार किंवा शॉर्टसर्किट यांपासूनही तो संरक्षण देत नाही, म्हणून त्याच्यासोबत योग्य क्षमतेचा एमसीबी हवाच. सैल स्क्रूखाली तापत जाणारा जोड त्याला कळत नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या वाहिन्यांसाठीही मीटरजवळच्या आरसीसीबीवर भरवसा ठेवू नये, त्यांच्यासाठी इन्व्हर्टरच्या पुढे वेगळी सोय करावी असे काकांनी बजावले आहे. ते काम आमच्याकडे अजून व्हायचे आहे, आणि या दिवाळीआधी मी ते करून घेणार आहे.

खरेदी करताना एका बाबतीत फार सावध राहावे लागते. मी ज्या पहिल्या दुकानात गेलो, तिथे मला १०० मिलिअँपिअरचे उपकरण दाखवण्यात आले आणि “हा सारखा पडत नाही” अशी त्याची तारीफ करण्यात आली. तो कमी पडतो हे खरे आहे, कारण माणसाला मारू शकणारी गळतीही तो सहन करतो. १०० आणि ३०० मिलिअँपिअरची उपकरणे गळतीमुळे लागणाऱ्या आगीपासून इमारतीचे रक्षण करण्यासाठी असतात. घरातल्या माणसांसाठी ३० मिलिअँपिअरचेच घ्यावे. दर्शनी भागावर हा आकडा बहुधा ०.०३ अँपिअर असा छापलेला असतो, तो स्वतः वाचावा, आयएसआय चिन्ह आणि मानकाचा क्रमांक पाहावा. वॉशिंग मशीन, एसी किंवा फ्रिज इन्व्हर्टर तंत्राचा असेल, तर ‘एसी’ प्रकाराऐवजी ‘ए’ प्रकारचे उपकरण घ्यावे, कारण अशा यंत्रांतून होणारी गळती शुद्ध प्रत्यावर्ती नसते आणि ‘एसी’ प्रकारच्या उपकरणाला ती नीट ओळखता येईलच असे नाही. अँपिअर क्षमता मुख्य एमसीबीएवढी किंवा त्याहून अधिक असावी. आमचा मुख्य एमसीबी ३२चा आहे, म्हणून हा ४०चा.

देखभाल म्हणून करावे लागते ते एवढेच की ‘टी’चे बटण नियमितपणे दाबून पाहायचे. खटका वर्षानुवर्षे हलला नाही तर आतली यंत्रणा जड होऊन अडकू शकते, आणि ती अडकलेली आहे हे बाहेरून दिसत नाही. बटण दाबूनही खटका पडला नाही तर उपकरण त्याच दिवशी बदलावे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या नरसाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो, त्याचीही आता सवय झाली आहे.

बटण दाबण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे. महिन्याचा दिवस लक्षात राहावा म्हणून तिने संकष्टी ठरवली. संध्याकाळी देवापुढे समई लावून झाली की ती डीबीचे झाकण उघडते, सगळ्यांना “बघा हं” म्हणून सांगते आणि बटण दाबते. समईच्या उजेडात खटका पुन्हा वर करून ती चंद्रोदयाची वेळ पाहायला दिनदर्शिकेकडे वळते.